रोममधलं प्लेबियन-पॅट्रिशियन भांडण नीट समजून घ्यायचं कसं

परीक्षेसाठी असो नाहीतर नुसता शौक म्हणून, रोमचा इतिहास वाचायला घेतला की हे प्रकरण लगेच अंगावर येतं. ट्रिब्यून, एडाइल, बारा पाट्यांचा कायदा, कानुलेयसचा कायदा, लिसिनियसचा कायदा, हॉर्टेन्सियसचा कायदा... थोड्या वेळाने सगळी नावं एकसारखीच वाटायला लागतात आणि मग माणूस वैतागून "गरीब विरुद्ध श्रीमंत, शेवटी गरीब जिंकले" एवढं एक वाक्य पाठ करतो आणि पुढे सरकतो. ते वाक्य आधी डोक्यातून काढून टाका, कारण त्यातले दोन्ही भाग चुकीचे आहेत. खाली मी जी पद्धत सांगतोय ती वापरली तर इसपू ४९४ ते इसपू २८७ अशी दोनशे वर्षं बऱ्यापैकी सरळ रेषेत दिसायला लागतात.

सुरुवात कोण कोण आहे ते ओळखण्यापासून करा. पॅट्रिशियन म्हणजे जन्माने ठरलेली मोजकी घराणी, क्लॉडियस, फेबियस, कॉर्नेलियस, व्हॅलेरियस, एमिलियस वगैरे. इसपू ५०९ मध्ये राजाला हाकलल्यावर (ही परंपरेने चालत आलेली तारीख आहे) दरवर्षी दोन कॉन्सुल, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, निवडायची पद्धत सुरू झाली आणि हळूहळू ते पद, धर्माची मोठी पदं, शकुन बघण्याचा अधिकार, कायद्याची माहिती, सगळं या घराण्यांनी आपल्या हातात घेतलं. उरलेले सगळे नागरिक प्लेबियन. सगळे म्हणजे खरंच सगळे! दोन तुकडे जमीन कसणारा शेतकरीही प्लेबियन आणि शेकडो एकर बाळगणारा, सावकारी करणारा माणूसही प्लेबियन. पटत नसेल तर पुढच्या काळातली नावं बघा, क्रॅसस, ज्याच्या श्रीमंतीचे किस्से आजही सांगतात, तो प्लेबियन, पाँपी प्लेबियन, सिसेरो प्लेबियन, आणि सीझर मात्र पॅट्रिशियन. म्हणजे पैशावरून कोण कुठला ते ओळखायला गेलात की फसलात. आणि गुलाम या भांडणात कुठेच नाहीत हेही लक्षात असू द्या, हे नागरिकांचं आपसातलं भांडण आहे.

आता एक वही घ्या आणि प्रत्येक घटनेसमोर तीन गोष्टी लिहा: मागणी कुणाची होती, हातात काय पडलं, आणि त्याचा फायदा नेमका कुणाला झाला. शिवाय प्रत्येक मागणीपुढे "पोट" किंवा "पद" असा शिक्का मारा. कर्ज, जमीन, धान्य हे पोटाचे प्रश्न. कॉन्सुल होता आलं पाहिजे, पुजारी होता आलं पाहिजे, पॅट्रिशियन घरात लग्न करता आलं पाहिजे हे पदाचे प्रश्न. पोटाचे प्रश्न गरीब प्लेबियनांचे, पदाचे श्रीमंत प्लेबियनांचे. दोनशे वर्षं हे दोन गट एकाच बाजूने लढले, कारण एकट्याच्या जोरावर दोघांनाही काही मिळणार नव्हतं, श्रीमंतांकडे माणसांची गर्दी नव्हती आणि गरिबांकडे पुढारी नव्हते. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली ही आहे, बाकी सगळं तपशील.

वाचायला सुरुवात कर्जापासून करा, कायद्यांपासून नको. रोमन इतिहासकार लिव्ही इसपू ४९५ चा एक प्रसंग सांगतो तो सावकाश वाचा. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, एक म्हातारा येऊन उभा राहतो, कपडे मळके फाटके, अंगात रक्त नाही, दाढी आणि केस वाढलेले. लोक त्याला ओळखतात, हा तर सेंच्युरियन होता, पलटणीतला नावाजलेला माणूस. तो छातीवरचे लढाईतले वण दाखवतो आणि मग सांगतो, मी सॅबाइन लोकांशी लढायला गेलो होतो, तेवढ्यात शत्रूने शेत लुटलं, घर जाळलं, गुरं नेली, त्यात नेमक्या वाईट वेळी कर लागला म्हणून कर्ज काढलं, व्याज चढत गेलं, आधी बापजाद्यांची जमीन गेली, मग उरलेली मालमत्ता गेली आणि शेवटी सावकार मलाच घेऊन गेला. असं म्हणून तो पाठ दाखवतो, त्यावर चाबकाचे ताजे वळ. पुढे लढाईचे वण आणि मागे सावकाराचे वळ! गर्दी पेटायला एवढं पुरेसं होतं.

हा म्हातारा खरंच त्या दिवशी तिथे उभा होता का, ते सोडून द्या. त्याच्या गोष्टीत यंत्रणा कशी चालायची ते दिसतं. सैनिकाला पगार नाही (तो परंपरेनुसार इसपू ४०६ पासून सुरू झाला), शस्त्रं स्वतःची स्वतः आणायची, मोहीम नेमकी शेतीच्या हंगामात, परत येईपर्यंत पीक गेलेलं. मग कर्ज. आणि कर्जाला तारण काय तर स्वतःचं शरीर, या कराराला नेक्सम म्हणायचे, कर्ज फिटेपर्यंत माणूस सावकाराच्या ताब्यात राबणार. बारा पाट्यांच्या कायद्यात वसुलीची पद्धत दिलीय ती अवश्य वाचा. कर्ज कबूल झाल्यावर किंवा निकाल लागल्यावर ३० दिवसांची मुदत, मग पकडून न्यायाधीशासमोर नेणं, मग ६० दिवस बेड्यांत, त्या काळात रोज एक पौंड धान्य द्यायचं, लागोपाठ तीन बाजारांच्या दिवशी त्याला लोकांसमोर आणून रक्कम जाहीर करायची की कुणी सोडवतंय का बघा, आणि कुणी नाही आलं तर टायबर नदीपलीकडे विकायचं किंवा जीव घ्यायचा. हे कुणा जुलमी माणसाच्या लहरीचं वर्णन नाही हं, हा लेखी कायदा आहे, आणि तोही प्लेबियनांनी भांडून मिळवलेला.

पुढची पायरी म्हणजे त्यांचं हत्यार समजून घेणं, कारण ते हत्यार तलवार नव्हतंच. प्लेबियनांनी उठून पॅट्रिशियनांची घरं जाळली असं काही या गोष्टीत नाही. ते निघून गेले. सैन्य गोळा करायची वेळ आली, शेजारी व्हॉल्सी आणि एक्वी लोक दाराशी आले, की हे म्हणणार आम्ही नाव नोंदवत नाही. ४९५ मध्ये कॉन्सुल सर्व्हिलियसने फर्मान काढलं की कुणाही नागरिकाला बेड्यांत अडकवून सैन्यात नाव देण्यापासून रोखायचं नाही आणि सैनिक छावणीत असेपर्यंत त्याच्या मालमत्तेला हात लावायचा नाही. लोक धावत आले, लढले, जिंकले. घरी परत आल्यावर दुसरा कॉन्सुल अप्पियस क्लॉडियस कर्जाचे निकाल पूर्वीसारखेच कडक द्यायला लागला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, या वेळी हुकूमशहा (रोममध्ये हे संकटकाळी थोड्या मुदतीसाठी दिलेलं पद होतं) म्हणून नेमलेल्या मॅनियस व्हॅलेरियसने शब्द दिला, लढाई जिंकली, सिनेटने त्याचा शब्द पाळला नाही आणि त्याने राजीनामा दिला. दोनदा फसवलं गेल्यावर इसपू ४९४ मध्ये सैन्य सरळ चालत शहराबाहेर गेलं, अनियो नदीपलीकडच्या पवित्र टेकडीवर, रोमपासून साधारण तीन मैलांवर, तिथे छावणी टाकली आणि गप्प बसले. लूट नाही, मारामारी नाही. इकडे शहरात सिनेटवाल्यांची झोप उडालेली, कारण पोलीस नाहीत, कायमचं सैन्य नाही, आणि शत्रू आला तर लढणार कोण.

इथे सगळे जण सिनेटने समजूत घालायला पाठवलेल्या मेनेनियस अग्रिप्पाची गोष्ट सांगतात, हातपायांनी पोटाविरुद्ध संप केला आणि सगळं शरीरच वाळलं वगैरे. गोष्ट छान आहे, सांगा बिनधास्त, पण गोष्ट ऐकून लोक परत आले असं लिहू नका. परत आले ते करार झाल्यावर. आणि इथे वही उघडा, कारण मागणी होती कर्जाची, म्हणजे पोटाची, आणि लिव्हीच्या कथनात करारात मिळाले ट्रिब्यून, म्हणजे प्लेबियनांना वाचवायला त्यांचे स्वतःचे अधिकारी, कर्जाबद्दल अवाक्षर नाही. ग्रीक इतिहासकार डायोनिसियस मात्र कर्जमाफी झाल्याचं लिहितो. दोघांपैकी कुणाचं खरं यावर डोकं खपवण्यापेक्षा पुढे कर्जाचं भांडण किती वेळा परत येतंय ते मोजा, उत्तर आपोआप मिळतं.

ट्रिब्यून या पदावर थोडा वेळ घालवा, घाई नको, कारण असलं विचित्र पद शोधून सापडणार नाही. त्याच्याकडे सैन्य नाही, दंडधारी शिपाई नाहीत. त्याची ताकद म्हणजे सगळ्या प्लेबियनांनी घेतलेली शपथ, की याच्या अंगाला जो हात लावेल तो देवाच्या कोपाला वाहिलेला, त्याला कुणीही मारलं तर गुन्हा नाही. म्हणून ट्रिब्यून स्वतः जाऊन मध्ये उभा राहायचा, अधिकारी एखाद्याला धरून नेतोय तर हा मध्ये शिरणार, आता हात लाव बघू. त्यामुळेच नियम असा की त्याने रात्री शहराबाहेर राहायचं नाही आणि घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं. आणि त्याची मर्यादाही लिहून ठेवा, शहरापासून साधारण मैलभराच्या आतच हा अधिकार चालायचा, बाहेर मोहिमेवर कॉन्सुलच राजा. पुढे इसपू ४५७ पासून ट्रिब्यून दहा झाले. ऐकायला भारी वाटतं, पण एक ट्रिब्यून दुसऱ्या ट्रिब्यूनलाही अडवू शकायचा, त्यामुळे दहापैकी एकाला फोडलं की पॅट्रिशियनांचं काम झालं, आणि त्यांनी ते वारंवार केलं.

आता एक हिशेब स्वतः करून बघा, हा केल्याशिवाय "पण बहुमत तर प्लेबियनांचं होतं ना" हा प्रश्न सुटत नाही. कॉन्सुल निवडणारी जी सभा होती तिच्यात माणशी मत नव्हतं, गटाला मत होतं. सगळे मिळून १९३ गट. त्यातले १८ घोडेस्वारांचे, ८० सगळ्यात श्रीमंत वर्गाचे, झाले ९८. अर्धे किती? साडेशहाण्णव. म्हणजे घोडेस्वार आणि पहिला वर्ग एकमताने गेला की निकाल लागला, खालच्यांना बोलवायचीही गरज नाही. ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही अशा हजारो लोकांचा मिळून गट किती, तर एक! म्हणून प्लेबियनांनी स्वतःची वेगळी सभा उभी केली, तिथे वस्तीनुसार पडलेल्या विभागांनी मतदान व्हायचं, आणि पुढची दोनशे वर्षं भांडणाचा एक मोठा भाग हाच होता की या सभेचा ठराव सगळ्यांवर बंधनकारक आहे की नाही.

बारा पाट्या (इसपू ४५१-४५०) बहुतेकांना माहीत असतात म्हणून पटकन उरकतो. कायदा लेखी आला हा फायदा खरा, न्यायाधीश तोंडाला येईल ते सांगू शकत नाही. पण कायदा लिहायला नेमलेल्या दुसऱ्या वर्षीच्या दहा जणांच्या मंडळाने प्लेबियन आणि पॅट्रिशियन यांच्यातलं लग्न बेकायदा असं कलम त्यात घुसवलं आणि सत्ता सोडायलाही नकार दिला. मग व्हर्जिनिया या प्लेबियन मुलीची गोष्ट, मंडळाचा पुढारी अप्पियस क्लॉडियस (४९५ चा कॉन्सुल नव्हे) याची तिच्यावर नजर, बापाने तिची अब्रू वाचवायला तिला भोसकणं, आणि इसपू ४४९ मध्ये लोक दुसऱ्यांदा शहर सोडून गेले. लग्नबंदी इसपू ४४५ मध्ये ट्रिब्यून कानुलेयसने उठवायला लावली. शिक्का मारा: पद. शेतकऱ्याच्या पोरीला फेबियसांच्या घरात कोण करून घेणार होतं, हा प्रश्न श्रीमंत प्लेबियनांच्या घरचा.

सगळी पद्धत एकाच घटनेवर वापरून बघायची असेल तर इसपू ३६७ घ्या. लिसिनियस स्टोलो आणि सेक्स्टियस हे दोघे ट्रिब्यून वर्षानुवर्षं निवडून येत राहिले, परंपरा म्हणते दहा वेळा, आणि त्यांनी मोठ्या अधिकाऱ्यांच्या निवडणुकाच अडवून धरल्या. त्यांच्या मागण्या तीन. एक, आतापर्यंत भरलेलं व्याज मुद्दलातून वजा करा आणि उरलेलं तीन वर्षांत हप्त्याने फेडू द्या. दोन, सरकारी जमीन कुणीही ५०० युगेरापेक्षा जास्त ताब्यात ठेवायची नाही, म्हणजे साधारण ३१० एकर. तीन, दोन कॉन्सुलांपैकी एक प्लेबियन पाहिजे. आता लिव्ही एक फार बोलकी गोष्ट सांगतो, लोकांची सभा पहिल्या दोन मागण्या मंजूर करायला आणि कॉन्सुलची मागणी सोडून द्यायला तयार झाली होती, आणि हे दोघे म्हणाले की घ्यायचं तर तिन्ही एकत्र घ्या, नाहीतर काहीच नाही. बघा, गरिबांना जमीन आणि कर्जात सूट हवी होती, कॉन्सुलपद त्यांच्या कामाचं नव्हतं, पण पुढाऱ्यांनी आपलं पद त्यांच्या पोटाला बांधून टाकलं. तिन्ही मंजूर झाल्या, आणि इसपू ३६६ मध्ये पहिला प्लेबियन कॉन्सुल कोण झाला? सेक्स्टियस. पॅट्रिशियनांनी लगेच प्रीटर नावाचं नवीन पद काढून न्यायदान तिकडे वळवलं आणि सुरुवातीला ते स्वतःकडेच ठेवलं, हरतानाही काहीतरी हातात ठेवायचं ही त्यांची सवय.

वहीतला "फायदा कुणाला" हा रकाना भरताना पुढचं वाचा. इसपू ३५७ मध्ये याच लिसिनियस स्टोलोला १०,००० आस (रोमन नाणं) एवढा दंड झाला, त्याच्याच कायद्याखाली. मुलाला कागदोपत्री वेगळं काढून बापलेकाने मिळून १००० युगेरा जमीन ताब्यात ठेवली होती. आणि ५०० ही मर्यादा किती मोठी होती ते कळायला शेजारी दुसरा आकडा ठेवा: व्हेई शहर जिंकल्यावर तिथली जमीन प्लेबियनांना वाटली तेव्हा माणशी मिळाली ७ युगेरा, म्हणजे साडेचार एकरसुद्धा नाही. जमिनीच्या कायद्याचा फटका बसणारे लोक प्लेबियनांमध्येही होतेच, हे या दोन आकड्यांवरून दिसतं.

एक सावधगिरी. आपल्याला हे सगळं जास्त करून लिव्हीकडून कळतं आणि तो लिहितोय इसपू पहिल्या शतकाच्या शेवटी, म्हणजे पवित्र टेकडीनंतर साडेचारशे-एक वर्षांनी. गॉल लोकांनी रोम जाळलं तेव्हा बरीचशी जुनी कागदपत्रं गेली हे तो स्वतःच कबूल करतो. म्हणून वाचताना मनात चाळणी ठेवा. कायदा झाला, अमुक पहिल्यांदा कॉन्सुल झाला, अशा गोष्टी बऱ्यापैकी धरून चाला, तरी अगदी सुरुवातीच्या वर्षांत त्याही जरा सैल हाताने. भाषणं, अश्रू, घरातले संवाद हे सजावट म्हणून वाचा. उदाहरणार्थ लिसिनियसची बायको फेबिया, तिची बहीण पॅट्रिशियन अधिकाऱ्याला दिलेली, त्याचा शिपाई दारावर काठी आपटतो, ही दचकते, बहीण हसते, हिला राग येतो आणि म्हणून म्हणे नवऱ्याने चळवळ सुरू केली. पण फेबियाचा बाप फेबियस स्वतः मोठा अधिकारी राहिलेला होता, दारावर काठी आपटलेली तिने लहानपणापासून ऐकलेलीच असणार की! अशी ठिकाणं स्वतः शोधायला मजा येते. तसंच, प्रत्येक पिढीत क्लॉडियस घराण्यातलाच माणूस खलनायक निघतो, हेही जरा संशयाने बघा.

शेवटचा टप्पा भराभर वाचला तरी चालतो. नेक्सम इसपू ३२६ च्या सुमारास पोएटेलियसच्या कायद्याने बंद झालं, हा मात्र पोटाच्या रकान्यातला खरा मोठा विजय. इसपू ३०० मध्ये ओगुल्नियसच्या कायद्याने मोठ्या पुजाऱ्यांच्या आणि शकुन बघणाऱ्यांच्या मंडळात प्लेबियनांसाठी जागा झाल्या, पद. आणि इसपू २८७ मध्ये लोक पुन्हा निघून गेले, या वेळी टायबरपलीकडे जॅनिक्युलम टेकडीवर, कारण पुन्हा कर्जच! हॉर्टेन्सियसला हुकूमशहा नेमलं आणि त्याने प्लेबियन सभेचा ठराव सगळ्या रोमवर बंधनकारक असा कायदा केला. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी ज्या कारणाने निघाले होते त्याच कारणाने पुन्हा निघाले आणि पुन्हा मिळाला तो अधिकार. पुस्तकं इथे "भांडण संपलं" असं लिहितात. संपलं ते श्रीमंत प्लेबियनांचं, ते आता जुन्या घराण्यांबरोबर मिळून नवीन सरदारवर्ग झाले, आणि जमिनीचा प्रश्न इसपू १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकसने पुन्हा काढला तेव्हा त्याला सिनेटवाल्यांच्या जमावाने ठार मारलं, ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावायचा नाही ही शपथ तेव्हा कुणाला आठवली नाही.

एवढं झाल्यावर सराव म्हणून वहीत शेवटची नोंद पब्लियस क्लोडियसची करा, इसपू ५९ ची. हा अस्सल पॅट्रिशियन, त्याच क्लॉडियस घराण्यातला, पण त्याला ट्रिब्यून व्हायचं होतं आणि ते पद फक्त प्लेबियनांना. मग त्याने स्वतःला एका प्लेबियन माणसाकडे दत्तक घेववलं, आणि तो दत्तक बाप वयाने त्याच्यापेक्षा लहान होता. पुढच्याच वर्षी तो ट्रिब्यून झाला आणि शहरातल्या गरिबांना धान्य फुकट देणारा कायदा त्याने केला. आता यावर शिक्का कुठला मारायचा, पोट की पद, ते तुम्हीच ठरवा, मी दोन्ही मारलेत.